सरळ रेषेतला वायू

विभागातल्या आपल्या खोलीत शिरली की अमिता आधी कॉम्प्युटरच्या डब्यावर तळहात ठेवायची. तोंडाला गुंडाळलेला दुपट्टा त्यानंतर सुटायचा, स्कूटीची किल्ली त्यानंतर पर्समध्ये जायची. डबा कोमट लागला म्हणजे रात्री वीज गेली नाही, गणित चालू आहे. गार लागला की ती तशीच क्षणभर उभी राहायची. तापलेल्या पोराचं अंग निवलं की आई कपाळावरचा हात काढायला विसरते, तशी. फक्त या गारव्यानं तिला आनंद व्हायचा नाही. मग खुर्ची ओढून ती पहिल्यापासून सुरुवात करायची.

वाबळ्यांचं घर जुनी इंदूर मोहल्ल्यातलं. पणजोबा होळकरांच्या रिसाल्यात होते, आजोबा कचेरीत, आणि वडील जयसिंगराव पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात फोरमन. घोड्यावरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून मशीनपाशी, असा आपल्या खानदानाचा प्रवास जयसिंगराव स्वतःच हसत सांगायचे. नावामागचं राव तेवढं टिकलं होतं. घरात मराठी बोलली जायची, पण ती इंदूरची मराठी. आमटीत नमक कमी पडायचं, पाहुणे अचानक टपकायचे, आणि लाडात आले की जयसिंगराव मुलीला बेटा म्हणायचे.

अमिता भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि एका सरकारी कॉलेजात शिकवू लागली. हुद्दा होता अतिथी विद्वान. नाव भारदस्त, पण सगळा जोर पहिल्या शब्दावर. दर वर्षी नव्यानं बोलावणं यायचं किंवा यायचं नाही. कायमची नोकरी हवी तर पीएच.डी. हवी, आणि ती मुदतीत हवी. मुदत टळली की नोंदणी रद्द. तिचं पुढचं सगळं आयुष्य या एका पदवीच्या खुंटीला टांगलेलं होतं, आणि हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

तिचे गाइड डॉ. देवदत्त लिमये. पुण्याहून इंदूरला आलेले, विभागातले एकटे मराठी प्राध्यापक. पहिल्या भेटीत त्यांनी तिचं आडनाव ऐकलं आणि सरळ मराठीत बोलायला लागले. अमितानं आयुष्यभर भौतिकशास्त्र हिंदीत आणि इंग्रजीत ऐकलं होतं. मराठी म्हणजे स्वयंपाकघर, देवघर आणि आत्याचे टोमणे. त्याच भाषेत कुणी ऊर्जा, तापमान, समतोल असे शब्द स्वच्छ, न अडखळता वापरतंय हे ऐकून तिला वाटलं, आपल्याच घरात आजवर बंद असलेली एक खोली कुणीतरी उघडून दाखवली. त्या दिवसापासून सरांशी ती मराठीच बोलायची. तिची वाक्यं हिंदीवर अडखळली की सर हळूच योग्य शब्द पुढे करायचे. घाटावर हात द्यावा तसा.

विषयही त्यांनीच दिला. एका सरळ रेषेवर पुष्कळ कण सोडले आहेत अशी कल्पना करायची. ते मागेपुढे धावतात, एकमेकांच्या आरपार जातात, पण रेष सोडत नाहीत. प्रत्येक कण दुसऱ्या प्रत्येकाला गुरुत्वाकर्षणानं आपल्याकडे ओढतो. आपल्या जगात अंतर वाढलं की ओढ कमी होते. रेषेवरच्या जगात होत नाही. शेजारचा जेवढा ओढतो तेवढाच पार टोकाचा. असा हा वायू थंड करत नेला, तर एखाद्या ठरावीक तापमानाला त्याचं रूप एकदम पालटेल का? पाणी थंड होत होत पाणीच राहतं आणि मग एका क्षणी बर्फ व्हायला लागतं, तसं. याला अवस्थांतर म्हणतात. आलेखावर ते मोडासारखं दिसतं; रेषा जाता जाता वळते. अमितानं तो मोड शोधायचा होता.

घरी तिनं हे समजावून सांगितलं तेव्हा जयसिंगराव दाढी करत होते. आरशातून तिच्याकडे बघत म्हणाले, "म्हणजे आपले रिश्तेदार. ग्वाल्हेरची मावशी नि बाजूची काकू, दोघी बराबर खेचतात." सरांना हा विनोद फार आवडला. पुढे त्यांनी तो एम.एस्सी.च्या वर्गात सांगितला. कुणाचा ते सांगायचं राहून गेलं. अमिता मागच्या बाकावर बसली होती. तिला तेव्हा बरंच वाटलं.

असाच वायू, पण सगळे कण सारख्या वजनाचे, हे गणित कुणीतरी फार पूर्वी कागदावरच पूर्ण सोडवलं होतं आणि त्यात अवस्थांतर नव्हतं. अमितानं ते वाचून सरांना विचारलंही. सर म्हणाले, आपले कण दोन प्रकारचे आहेत, काही जड, काही हलके; आपलं वेगळं. ते तिला पटलं. मग ती थोडं थंड करायची, कण स्थिरावेपर्यंत वाट बघायची, पुन्हा थोडं थंड करायची. आलेखावर एकेक टिंब वाढायचं. सगळी टिंबं एका रेषेत, नाकासमोर चालणाऱ्या माणसासारखी. मोड नाही.

"अजून हळू थंड करून बघा," सर म्हणायचे.

सल्ल्यात खोट नव्हती. या वायूला स्थिरावायला खरंच फार वेळ लागतो. घाई केली तर खोटी चित्रं दिसतात. म्हणून ती अजून हळू जायची. आठवड्याचं काम महिन्यावर गेलं. देवासच्या एका चांगल्या घरातून विचारणा झाली, तेव्हा जयसिंगरावांनी त्यांना सांगितलं, पोरीचं काम चालू आहे, जरा थांबा. ते थोडे थांबले, मग त्यांनी दुसरीकडे जमवलं. आत्या महिनाभर फुगून बसली. जयसिंगराव म्हणाले, सरजी इतकी मेहनत घेतायत, मधेच सोडणं शोभणार नाही.

दुसऱ्या वर्षी, संक्रांतीच्या सुमारास, अमिताच्या हातून एक गोष्ट झाली. कंटाळ्यातून झाली असंच म्हणावं लागेल. वायू गरम असताना कण रेषेवर कसे पसरलेत आणि थंड केल्यावर कसे, अशी दोन चित्रं तिनं छापली होती. दोन्ही डोंगरासारखी, एक रुंद, एक अरुंद. तिला वाटलं, हा तोच डोंगर आहे. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन तिनं मोठं चित्र आडवंउभं हवं तसं लहान करून मागितलं. तो वैतागला, दीदी नाप तो बताओ, म्हणाला. दोन-तीन कागद वाया गेले. मग एक बरोबर उतरला. विभागात परत येऊन तिनं दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले. डोंगरावर डोंगर बसला. कुठेही रेघ बाहेर नाही.

ती धावतच सरांकडे गेली. सरांनी कागद घेतले, खिडकीपाशी गेले आणि बघत राहिले. बराच वेळ बघत राहिले. टेबलावरचा त्यांचा चहा निवला, त्याच्यावर साय धरली. अमिताला वाटलं, आता सर काहीतरी मोठं बोलणार.

सरांनी कागद परत दिले. छान आहे, म्हणाले, पण अशा साम्यावर भाळू नये. डोळा फसतो. "अजून हळू थंड करून बघा."

तिला आपल्या उतावळेपणाची लाज वाटली. कागद तिनं घडी करून पुस्तकात ठेवले आणि नवं, आणखी हळू चालणारं गणित लावलं.

त्याच सुमारास अर्पित मोघे सरांकडे रुजू झाला. इंदूरचाच, हसतमुख, अमिताला दीदी म्हणणारा. सरांनी त्याला जवळचाच पण निराळा विषय दिला : तोच वायू, पण रेषेची दोन्ही टोकं जोडून तिचं कडं करायचं आणि कण त्या कड्यावर फिरवायचे. वर्षभरात अर्पितला मोड सापडला. गरम असताना कण सगळ्या कड्यावर सारखे पसरलेले. एका तापमानाच्या खाली आले की कुठेतरी जमू लागायचे. आलेखावरची रेषा स्पष्ट वळली होती. अमितानं त्या दिवशी विभागात सगळ्यांना समोसे आणले. मनात थोडं टोचलं, पण तिनं स्वतःला समजावलं, त्याचं कडं सोपं, आपली रेष कठीण. कठीण कामाला वेळ लागतो.

तिच्या मुदतीचे शेवटचे महिने उरले असताना अर्पितला एका परिषदेचं बोलावणं आलं. भाषणाची तालीम ऐका म्हणून त्यानं अमिताला दुपारच्या रिकाम्या वर्गात बसवलं. पडद्यावर पहिलंच चित्र आलं ते सरळ रेषेचं. एक रुंद डोंगर, एक अरुंद डोंगर, आणि रुंद डोंगर लहान होत होत अरुंदावर जाऊन बसला. बारीकसा टक असा आवाजही त्यानं घातला होता.

अर्पित भरभर बोलत होता. ओढ अंतरावर अवलंबून नाही, म्हणून या वायूकडे तापमानाखेरीज दुसरी मोजपट्टीच नाही. थंड केलं की तेच चित्र लहान होतं, एवढंच. रूप पालटायला जागाच नाही. कड्याला मात्र परीघ असतो, त्याची स्वतःची मोजपट्टी असते, म्हणून तिथे काहीतरी घडू शकतं. एवढं सांगून तो पुढच्या चित्राकडे निघाला.

अमितानं त्याला थांबवलं. हे पहिलं चित्र कुठून आलं, तिनं विचारलं.

"अरे दीदी, सीधी लाइनमध्ये काही नाहीच ना. सरांनी मला पहिल्याच हफ्त्यात सांगितलं. म्हणाले, त्या भानगडीत पडू नको, तिथे कुछ नहीं रखा."

"आणि मी काय करते आहे, अर्पित?"

"तुमचं तर दोन वजनवालं आहे. त्याच्यात..." आणि तो थांबला. वाक्य पुढे नेता नेता त्यालाही गणित दिसलं होतं. कण जड असोत की हलके, मोजपट्टी तीच. वर्गातला पंखा फिरत राहिला. अर्पितनं प्रोजेक्टर बंद केला आणि वायर गुंडाळायला घेतली, पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली.

सरांकडे जाईपर्यंत अमितानं स्वतःला पुष्कळ सांगून बघितलं. विसरले असतील. तिच्या कामाची त्यांना वेगळी काही आशा असेल. पण खिडकीपाशी उभी असलेली त्यांची पाठ तिला आठवत होती, आणि निवलेला चहा. त्या वेळी त्यांना कळलं होतं. तिच्या कागदावरूनच कळलं होतं. तिला जे दिसलं ते त्यांनी अर्पितच्या हातात ठेवलं आणि तिला सांगितलं की डोळा फसतो.

सरांनी काही नाकारलं नाही, हे त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं. तिला बसायला सांगितलं, दार लोटून घेतलं. विषय त्यांनी स्वतः दिला होता, समितीनं त्यांच्या शब्दावर मंजूर केला होता. तिनं ते कागद दाखवले त्याच वर्षी त्यांच्या बढतीची मुलाखत होती. जो प्रश्न एका ओळीत सुटतो तो मी संशोधनाला दिला, हे कोणत्या तोंडानं सांगणार होते? आणि मग ते इतक्या सौम्यपणे बोलले की अमिताला ते पटकन कळलंच नाही.

"मला खरंच वाटलं होतं, वर्षभरात तुमचं लग्न ठरेल आणि प्रश्न आपोआप मिटेल."

देवासचं घर तिच्या डोळ्यांपुढून गेलं. याच माणसाच्या भरवशावर वडिलांनी त्या घराला थांबवून ठेवलं होतं, आणि हा माणूस ती तिथे निघून जायची वाट बघत होता.

सरांनी वाटही सुचवली. अर्पितच्या कड्याचं एक प्रकरण तिच्या प्रबंधात शेवटी जोडायचं. सरळ रेष ही त्याची पूर्वतयारी म्हणून दाखवायची. पदवी मिळून जाईल. अमितानं एकच मागितलं. ते एकावर एक बसलेले डोंगर प्रबंधात पहिले यावेत, आणि ते दुसऱ्या वर्षीच सापडले होते हे लिहिलेलं असावं. सर म्हणाले, बघू. तिनं त्याचा अर्थ हो असा घेतला. अजूनही तिला त्यांच्या शब्दाचा चांगलाच अर्थ घ्यायची सवय होती.

समितीपुढे प्रबंध मांडायचा दिवस आला. जयसिंगरावांनी सकाळीच मिठाईचं सांगून ठेवलं होतं, त्यातला एक डबा सरजींसाठी वेगळा. समितीत विभागप्रमुख होते आणि बाहेरगावचे एक वयस्क प्राध्यापक होते, दोघेही हिंदी बोलणारे. अमितानं पहिलं चित्र दाखवलं. डोंगरावर डोंगर. हे कधी मिळालं, बाहेरच्या प्राध्यापकांनी विचारलं. दुसऱ्या वर्षी, ती म्हणाली. म्हाताऱ्यानं चष्मा वर केला. मग पुढची वर्षं काय केलंत? हे दिसल्यावर पुढे करण्यासारखं काय होतं?

अमितानं सरांकडे बघितलं. सर कागद सरळ करत होते. मान वर न करता ते म्हणाले, "मैंने तो कहा था, सर। उन्हें तसल्ली नहीं हो रही थी।"

खोलीत कुलर चालू होता, तरी तिला त्या वाक्यातला शब्द न् शब्द ऐकू आला. सरांशी ती नेहमी ज्या भाषेत बोलायची त्याच भाषेत तिच्या तोंडून निघालं, "सर, अजून हळू थंड करून बघा असं तुम्हीच म्हणाला होता. दर वेळी."

समितीतल्या दोघांनी सरांकडे बघितलं. क्या कह रही हैं, विभागप्रमुखांनी विचारलं.

लिमये सर हसले. थकलेल्या, माया करणाऱ्या माणसाचं हसू. "कह रही हैं कि और धीरे ठंडा करके देखना चाहिए।"

अमिता इंदूरची. हिंदी तिला मराठीहून सोपी जायची. ती तिथल्या तिथे ते वाक्य दुरुस्त करू शकत होती, आणि सरांनाही हे माहीत होतं. माहीत असूनही त्यांनी तिच्या तोंडावर ते केलं. तिचं तक्रारीचं वाक्य उचललं आणि तिचाच हट्ट करून समोर ठेवलं. ज्या भाषेत त्यांनी तिला शब्द दिले होते, तिचाच आडोसा करून. काही वेळानं बोलावंसं वाटलं तेव्हा बाहेरचे प्राध्यापक कागद आवरत होते. जाता जाता ते तिच्यापाशी थांबले आणि वडीलकीनं म्हणाले, "बेटा, गाइड की बात मान लेनी चाहिए थी।"

समिती दयाळू होती. एक वर्ष वाढवून मिळालं. लिमये सरांच्याच हाताखाली, कड्यावर स्वतः काम करायच्या अटीवर.

घरी जयसिंगराव डबे टेबलावर मांडून बसले होते. तिनं सगळं सांगितलं; शांतपणे, अगदी मोजपट्टीपासून. ते ऐकत राहिले. मग त्यांनी सरजींसाठी ठेवलेल्या डब्याची दोरी बोटानं नीट केली. काहीतरी गलतफहमी असेल, म्हणाले. इतकी वर्षं आपल्या पोरीला शिकवलं, दिवाळीला घरी जेवून गेले. "मराठी माणूस आहे, बेटा. तो असं नाही करणार." अमितानं त्यांच्याकडे बघितलं आणि विषय सोडून दिला. त्या दिवशी तिच्या बाजूनं उभं राहणारं कुणी असेल तर ते हेच होते, आणि तेही सरांच्या बाजूनं उभे होते. आत्यानं एक पेढा तोंडात टाकला आणि म्हणाली, वर्ष मिळालंय ना, मग रडायचं काय.

ती रडत नव्हती. वाढीव वर्षासाठी अर्ज करायचा होता, त्यावर तिची सही हवी होती आणि सरांची. कधी कधी स्कूटी रस्त्याच्या कडेला लावून ती विचार करत बसायची. कड्याचं काम अवघड नव्हतं. वर्षात झालंही असतं. पण त्यासाठी रोज त्यांच्यासमोर बसायचं, आकडे दाखवायचे, आणि ते जे म्हणतील ते खरं मानून उठायचं. काम म्हणजे शेवटी तेवढंच असतं. ते मानणं तिला आता जमणार नव्हतं, आणि त्याच्याशिवाय बाकीचं सगळं जमून उपयोग नव्हता. अर्पितनं एकदा फोन केला. दीदी, मी समितीला सांगू का, म्हणाला. त्याचं स्वतःचं अजून व्हायचं होतं. तिनं त्याला नको म्हटलं, आणि त्याचा सुटकेचा श्वास तिला फोनवर ऐकू आला.

मुदत टळली. नोंदणी रद्द झाली. त्या वर्षी गौतमपुऱ्याच्या कॉलेजातून अतिथी विद्वानाचं बोलावणं आलं, आणि तिनं ते घेतलं. रोज बसनं जाऊन-येऊन करता येईल असं तिनं घरी सांगितलं. बसस्टँडपर्यंत पिशवी जड होते, तेव्हा आत्यानं रोज डबे बांधून देऊ नयेत, हेही तिनं आधीच सांगून ठेवलं.

विभागातली खोली रिकामी करायला ती सुट्टी लागायच्या आधी गेली. पुस्तकं एका खोक्यात बसली. झेरॉक्सचे ते दोन कागद पुस्तकातून खाली पडले, ते तिनं उचलून टेबलावरच्या रद्दीत ठेवले. दारात चाहूल लागली. लिमये सर उभे होते. बाहेर ऊन भाजत होतं आणि त्यांच्या कपाळावर घाम होता. थोडं थांबून ते त्यांच्या त्या स्वच्छ मराठीत म्हणाले की असं निघून जाऊ नका, परत नोंदणी करता येते, मी आहे. आणखीही काही बोलायचं त्यांच्या मनात असावं, कारण ते आत येऊन खिडकीखालच्या कुलरजवळ उभे राहिले आणि सवयीनं त्यांचा हात बटणाकडे गेला.

अमितानं खोकं कमरेवर घेतलं.

"सर, कूलर में पानी नहीं है," ती म्हणाली, "पंप मत चलाइएगा।"